रानात एक

आधीच सांगून ठेवतो, यातलं अक्षरही माझ्या पदरचं नाही.

ज्याच्यावर ही वेळ आली तो प्रेमदास राठोड दहावीपर्यंत माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. निबंधाला कोरं पान सोडून यायचा. कल्पना करून चार ओळी लिहिणं त्याला कधी जमलं नाही. तो हे सगळं रचून सांगेल, हे मला तरी पटत नाही.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

गेल्या वर्षीचा आश्विन. शुक्रवार. दुपारचा सव्वा वाजला होता. जागा हिंगोलीतली, स्टेशनकडच्या रस्त्याला हळदीच्या गोदामावरची एक खोली.

या खोलीतून शेतकऱ्यांच्या एका संस्थेची यंत्रणा चालते. तिचं नाव 'वर्दी'. सोयाबीन काढणीच्या दिवसांत परतीचे ढग येतात आणि रानात काम करणाऱ्यांवर वीज पडते. वर्दीचं काम एवढंच, की वीज दहा-पंधरा मिनिटांवर आली की गावोगावच्या खांबांवरचे भोंगे वाजवायचे. भोंगा ऐकला की लोक विळे टाकून छपराखाली पळतात.

तीन सर्व्हर होते. एक हिंगोलीला, एक जवळा बाजारला, एक सेनगावच्या अंगाला असलेल्या गोरेगावला. प्रत्येकावर तीन सर्व्हिस, म्हणजे तीन प्रोग्रॅम. त्यांची इंग्रजी नावं मारुतीच्या शेपटीएवढी लांब, म्हणून बंडोपंतांनी त्यांना साधी मराठी नावं दिली होती. विजेचा आवाज टिपणारी ती 'कान'. धोका आहे का ते ठरवणारी ती 'डोकं'. आणि भोंगा वाजवणारी ती 'तोंड'.

बंडोपंत म्हणजे प्रेमदासचे साहेब. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के. महिन्यातून एकदा दुरुस्तीसाठी सगळं बंद करावं लागायचं. त्याची रीत त्यांनीच घालून दिली होती. बंद करताना आधी तोंड, मग डोकं, शेवटी कान. चालू करताना बरोबर उलटं. मधली पायरी गाळली की तोंड मुकंच राहायचं.

पण सगळ्यात मोठा नियम त्याच्याही आधीचा.

काहीही बंद करण्यापूर्वी प्रत्येक केंद्राला विचारायचं, "रान मोकळं?"

मग केंद्रावरचा माणूस मजुरांच्या टोळ्यांना फोन करायचा, उरलेल्यांना स्वतः जाऊन छपराखाली आणायचा. आणि अजून किती माणसं रानात आहेत तो आकडा मोबाईलवरून टाकत राहायचा. हिंगोलीच्या पडद्यावर गावाच्या नावापुढं तो उमटायचा. रानात बारा. रानात सात. रानात तीन. शेवटचं माणूस आत आलं की, रान मोकळं. ते दिसल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही.

गोरेगावचं केंद्र खेमा सांभाळायचा. प्रेमदासच्याच तांड्यावरचा, पन्नाशीचा माणूस. प्रेमदास त्याला काका म्हणायचा. या खेमाचा आकडा नेहमी एकानं जास्त असायचा. सगळे आले तरी पडद्यावर 'रानात एक'.

"काका, हा एक कोण?" प्रेमदासनं एकदा फोनवर विचारलं होतं.

"मी!" खेमा हसला होता. "मी न्हाई का रानात? समद्यायला मोजतो, मंग मला काहून सोडू? घरी पोचलो की टाकतो बराबर."

आता पुढं जे सांगतो, ते प्रेमदासनं वर्षभर पोटात ठेवलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षीचा आश्विन. अशाच एका दुपारी सगळं बंद करायचं होतं. नेमकं त्याच दिवशी प्रेमदासला पोरगी बघायला वाशीमला जायचं होतं. खाली जीप उभी होती आणि मामा हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

जवळा बाजार, रान मोकळं.

हिंगोली, रान मोकळं.

गोरेगाव... रानात एक.

प्रेमदास सात मिनिटं थांबला. आकडा हलेना. फोन लावला, लागेना.

एकच तर आहे, त्यानं स्वतःची समजूत घातली. आणि तो एक म्हणजे खेमाकाकाच. पाच मिनिटांत पोचेल घरी.

हिंगोलीहून कुठल्याही गावापुढं लिहिता यायचं. प्रेमदासनं गोरेगावपुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, रान मोकळं. रजिस्टरातही तेच लिहिलं. तोंड, डोकं, कान बंद केले. दुरुस्ती सुरू करून दिली आणि जीपमध्ये जाऊन बसला. पुन्हा चालू करायला बंडोपंत येणारच होते.

खेमा वाटेतून माघारी वळला होता. कुणाची तरी म्हैस बाभळीला बांधलेली राहिली होती, ती सोडायला. तेवढ्यात ढग आले. भोंगा वाजला असता तर तो म्हैस तिथंच टाकून पळाला असता.

भोंगा वाजला नाही.

वाशीमला प्रेमदासच्या हातात पोह्यांची बशी होती, तेव्हा त्याला फोन आला.

पुढं चौकशी झाली. पडद्यावर 'रान मोकळं', रजिस्टरात 'रान मोकळं'. लोक म्हणाले, खेमानं आधी होकार दिला आणि मग स्वतःच रानात गेला. बंडोपंतांनी तसा कागद लिहिला. मेलेल्या माणसाच्या माथी दोष आला. प्रेमदास मान खाली घालून उभा राहिला आणि गप्प बसला.

गोरेगावचं केंद्र बंद केलं. तिथले भोंगे हिंगोलीच्या सर्व्हरला जोडले. खेमाकडचा सर्व्हर हिंगोलीला आणून कपाटावर ठेवला, वायर गुंडाळून. पडद्यावरची गोरेगावची ओळ मात्र तशीच राहिली. करड्या रंगाची, मेलेली. ती काढायचं कुणी मनावर घेतलं नाही.

तर आता तो शुक्रवार.

बंडोपंत जेवायला घरी गेले होते. खोलीत प्रेमदास एकटा. खिडकीबाहेर लख्ख ऊन. त्या चुकीनंतर प्रेमदास प्रत्येक केंद्राला दोनदा विचारायचा.

जवळा बाजारचं केंद्र सांभाळणारा सुदाम म्हणाला, "मोकळं हाय रान. चहा ठिवलाय, येतो का?"

गोरेगावच्या बाजूला आता केंद्र नव्हतं, म्हणून तो थेट तांड्याच्या टोळीचा मुकादम नरसिंग याला विचारायचा. त्या टोळीत प्रेमदासची आई, त्याची याडी, मिराबाई सोयाबीन काढायला जायची. टोळी शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या छपराखाली जेवायला बसली होती.

नरसिंगनं फोन मिराबाईच्या हातात दिला.

"जेवला का रे लेकरा?"

"जेवतो, याडी. तासभर पत्र्याखालून हलू नको. भोंगा बंद राहणार हाय."

"न्हाई हलत."

त्यानं तोंड बंद केलं. डोकं बंद केलं. कान बंद केला. जवळा बाजार लाल, हिंगोली लाल. दुरुस्ती सुरू झाली. पंचवीस मिनिटं लागणार होती, आणि एकदा सुरू झाली की ती मध्येच तोडता येत नाही.

यंत्राची घरघर थांबली. खोली एकदम शांत झाली. खाली हमालांचा आवाज येत होता, तोही थांबला.

आणि मग...

पुन्हा घरघर सुरू झाली.

बारीक. कोरडी. आतला पंखा धुळीला घासत फिरावा तशी.

प्रेमदासनं हिंगोलीच्या यंत्राला हात लावला. ते गार होतं, बंद होतं.

घरघर वरून येत होती...

कपाटावरून.

तो स्टुलावर चढला. खेमाचा सर्व्हर तिथंच होता. वर्षभराची धूळ, वायर गुंडाळलेली, तिचं टोक मोकळं लोंबत होतं. कुठंच जोडलेलं नव्हतं. त्यानं झाकणावर तळहात ठेवला.

कोमट होतं.

तो खाली उतरला तेव्हा पडद्यावर गोरेगावची ओळ करडी नव्हती. हिरवी झाली होती. तोंड चालू. डोकं चालू. कान चालू.

आणि गावाच्या नावापुढं...

रानात आठ.

प्रेमदासनं नरसिंगला फोन लावला.

"नरसिंग, टोळी कुठं हाय?"

"आं? हाय की इथंच... अरे, वाईच आभाळ आलं ना रे तिकडून. काढून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री न्हाई म्हून बाया झाकायला गेल्या. येतीलच आता."

"किती जणी?"

"सात."

"बराबर मोज."

"सातच हायत. मुकादम हाय मी, मला मोजता येत न्हाई काय?"

"याडी?"

"ती बी गेली. फोन इथंच हाय तिचा, पिशवीत."

प्रेमदासनं खिडकीतून पाहिलं. हिंगोलीवर ऊन होतं. पण लांब, सेनगावच्या अंगाला, आभाळाची एक काळी कड दिसत होती.

दुरुस्ती चाळीस टक्क्यांवर. कान चालू होईना. कान नाही तर डोकं नाही, आणि डोक्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यानं तीन-तीनदा बटणं दाबली. पडदा दर वेळी तेच सांगत होता, थांबा.

"बलव त्यायला!" तो फोनवर ओरडला. "नरसिंग, हाका मार!"

"मारून राहिलो ना! वारा उलटा हाय, ऐकू जाईना त्यायला!"

प्रेमदासला रडू फुटलं. मोठा बाप्या माणूस, पण त्या खोलीत एकटा उभा राहून रडला. मागच्या वेळी दुसऱ्याचा माणूस होता. आता आपला आहे. त्याच्या मनात हेच आलं, असं त्यानं मला स्वतः सांगितलं.

आणि तेवढ्यात फोनमधून...

भोंगा ऐकू आला.

लांब, चढत जाणारा. गोरेगावच्या खांबावरचा.

"लावला की रे तू!" नरसिंग म्हणाला. "बायायनं ऐकलं. पळून राहिल्या!"

प्रेमदासनं काहीच लावलं नव्हतं. तो भोंगा ज्या सर्व्हरला जोडलेला होता, तो त्याच्यासमोर लाल होता.

पडद्यावर फक्त एक ओळ हिरवी होती.

रानात सहा.

"दोघी आल्या," नरसिंग सांगत होता.

रानात चार.

"अजून दोघी. आता तिघी राहिल्या."

चारातून तीन गेले तर एक उरतो. हा हिशेब प्रेमदासला नको होता, पण तो झालाच.

रानात दोन.

"तुझी आई मागं हाय रे. पाय ओढून राहिली. अन् तिच्या मागं... ते कोण..."

फोनमध्ये कर्रर्र झालं. मग कडाडलं. इतकं मोठं की प्रेमदासनं फोन कानापासून दूर फेकला.

परत उचलला तेव्हा फोन कट झाला होता.

पडद्यावर...

रानात एक.

तो एक कोण?

नरसिंगचा फोन लागेना. आईचाही लागेना. प्रेमदास त्या आकड्याकडं बघत उभा राहिला. एक वर्षापूर्वी याच आकड्याकडं त्यानं सात मिनिटं पाहिलं होतं आणि मग स्वतःच्या हातानं तो पुसला होता. आता त्याचा हात पुढं होत नव्हता.

नवव्या मिनिटाला फोन वाजला.

"प्रेमदास..." मिराबाईला धाप लागली होती. "आमी समद्या हाओत. सुडीवरच पडली रे. सुडी जळून राहिली."

तो मटकन खुर्चीत बसला.

"याडी, तुझ्या मागं कोण होतं?"

"नरसिंग असंल म्हून म्या बघितलंच न्हाई. 'चाल मिरा, चाल' म्हणत मागून येऊन राहिला होता. पत्र्याखाली आले अन् वळून बघितलं..."

"मंग?"

"रान रिकामं."

"आवाज कुणावाणी होता?"

मिराबाई हळूच म्हणाली, "तू काहून विचारतो? तुला ठाऊक हाय."

दोन वाजता बंडोपंत आले. दारातच थबकले.

"अरे, गोरेगाव कुणी चालू केलं?"

प्रेमदासनं त्यांना सगळं सांगितलं. आजचं सांगितलं. आणि मागचंही सांगितलं... जीप, हॉर्न, सात मिनिटं, आणि स्वतःच्या हातानं लिहिलेले दोन शब्द.

बंडोपंत ओरडले नाहीत. ते जुनं रजिस्टर काढून ते पान शोधत बसले.

"वर्षभर मी त्या बिचाऱ्याला बेजबाबदार म्हणत आलो," ते म्हणाले. "माझ्या सहीनं कागद गेला रे." मग त्यांनी पेन प्रेमदाससमोर ठेवलं. "तू लिहिलंस. तूच खोड."

प्रेमदासनं 'रान मोकळं' खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं, 'रानात एक'.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत दोघं तांड्यावर गेले, खेमाच्या बायकोकडं. पद्माबाई दारात शेंगा निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं काम थांबवलं नाही.

"मला ठाऊक हुतं," ती म्हणाली. "घरी आल्याबिगर मोकळं लिवणारा माणूस नव्हता तो. वरीसभर मी हेच सांगून राहिले. कुणी ऐकलं न्हाई."

प्रेमदासनं तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले.

"माझे काहून धरतो? तो अजून रानातच हाय. तू सोडला त्याला तिथं. तूच बलव."

गोष्ट इथं संपायला हवी होती. संपली नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा बंद करायची वेळ आली. जवळा बाजार लाल झालं, हिंगोली लाल झालं. गोरेगावची ओळ हिरवीच. रानात एक. कपाटावरची घरघर चालूच. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं ती ओळ काढून टाकली. तो जिना उतरेपर्यंत ती परत आली. तेव्हापासून गोरेगाव कुणी बंद करत नाही, आणि रजिस्टरात प्रेमदास दर महिन्याला स्वतःच्या अक्षरात लिहितो, गोरेगाव, रानात एक.

आणि पद्माबाईनं सांगितलं म्हणून तो दर महिन्याला खेमाचा जुना नंबर लावतो. तो मोबाईल खेमासोबतच जळून गेला होता. नंबर पुन्हा कुणी घेतलेला नाही.

पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही.

दुसऱ्या महिन्यात... रिंग गेली.

कुणीतरी फोन उचलला. बोललं नाही. नुसता वारा. आणि त्या वाऱ्यात पावलं. सोयाबीनच्या धसकटांवरून चालल्यावर होतो तसा चरचर आवाज.

"खेमाकाका," प्रेमदास म्हणाला, "माझं चुकलं. या आता घरी."

पावलं थांबली नाहीत. चालत राहिली.

दर महिन्याला तसंच. प्रेमदास नंतर पद्माबाईला फोन करून विचारतो, "आले का?"

"न्हाई," ती म्हणते. "वाट बघून राहिले."

प्रेमदासला वाटायचं, काका घराकडं निघालेत. वाट लांब असेल, पण पोचतील. त्याला त्यातच थोडं बरं वाटायचं. गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात त्यानं नंबर लावला तेव्हा धसकटांचा आवाज नव्हता. पावलं कडक रस्त्यावर पडत होती. मागं गाड्यांचे हॉर्न होते. व्यापारी हिंदीत हळदीचा भाव करत होते. आणि मग फोनमध्ये रेल्वेची शिट्टी वाजली.

तीच शिट्टी...

त्याच क्षणी...

खिडकीतूनही आली.

गोरेगावला रेल्वे नाही.

प्रेमदासनं काल मला हे सगळं सांगितलं. येत्या शुक्रवारी दुपारी परत बंद आहे. बंडोपंत आजारी आहेत, म्हणून त्या खोलीत तो एकटाच असणार. जाता जाता त्यानं विचारलं, "येतो का सोबतीला? तासाभराचं काम हाय."

मी अजून हो म्हटलेलं नाही.